‘आईने कांदा कृश चिरला’

सहावीतल्या एका मुलीने काही वर्षांपूर्वी वहीत लिहिलेले हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. पाठाखालच्या शब्दार्थांत ‘कृश’ या शब्दापुढे ‘बारीक’ असे मीच फळ्यावर लिहून दिले होते. तिने तो अर्थ तोंडपाठ केला होता, आणि ‘वाक्यात उपयोग करा’ या प्रश्नाखाली स्वतःच्या घरात रोज घडणारी गोष्ट लिहिली होती. कांदा बारीक चिरतात, बारीक म्हणजे कृश, म्हणून आईने कांदा कृश चिरला. तिच्या विचारात कोठेही खोट नव्हती. खोट माझ्या फळ्यावरच्या त्या दोन शब्दांच्या ओळीत होती. त्याच गठ्ठ्यात ‘तो माझा जीर्ण मित्र आहे’ आणि ‘शर्यतीत मी विपुल धावलो’ अशीही वाक्ये मला सापडली. लाल शाईचे पेन हातात घेऊन मी बराच वेळ तशीच बसून राहिले, कारण ही वाक्ये खोडायची तर आधी मला माझे शिकवणे खोडावे लागणार होते.

सांगलीजवळच्या एका माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवते. माझ्या वर्गातली निम्मी मुले ऊस, हळद आणि द्राक्षे पिकवणाऱ्या घरांतली असतात. उरलेल्यांपैकी कोणाचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात, कोणाचे कारखान्यात कामाला जातात. दिवाळीनंतर साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून आलेल्या ऊसतोड मजुरांची चार-दोन मुलेही काही महिने वर्गात येऊन बसतात. या मुलांना शब्द कमी पडतात असे शिक्षकांच्या खोलीत वारंवार बोलले जाते आणि अनेक वर्षे मीही तसेच म्हणत असे. म्हणून पाठ सुरू करण्यापूर्वी फळ्यावर बारा-पंधरा शब्द, त्यांच्यापुढे बरोबरीच्या दोन छोट्या रेघोट्या आणि पलीकडे अर्थ, असा क्रम मी नेमाने पाळत होते. मुले ते उतरवून घेत, शनिवारी चाचणी होई आणि गुणही चांगले पडत. दिवाळीच्या सुट्टीनंतर तेच शब्द विचारले की वर्ग गप्प होई. ते गप्प बसणे मी मुलांच्या आळसाच्या खात्यावर टाकत आले होते.

शब्द ‘येतो’ म्हणजे नेमके काय येते, याचा विचार मी त्या कांद्याच्या वाक्यानंतर सुरू केला. शब्दसंग्रहाच्या अध्यापनावर आयुष्यभर काम केलेले न्यूझीलंडचे भाषाअभ्यासक पॉल नेशन यांनी शब्दाच्या ज्ञानाचे तीन भाग केले आहेत: रूप, अर्थ आणि उपयोग. ‘कृश’ हा शब्द येतो, म्हणजे तो ‘कृ’ असा लिहायचा, ‘क्रु’ असा नाही, हे ठाऊक असते. त्याचा अर्थ ठाऊक असतो. आणि तो कोणाविषयी वापरायचा व कोणाविषयी वापरायचा नाही, हेही ठाऊक असते. आमच्या शब्दार्थाच्या तक्त्याने यांपैकी मधलाच भाग दिला होता, तोही अर्धामुर्धा. कृश देह असतो, कृश काया असते, दुष्काळात छावणीत बांधलेली गाय कृश होते. पण कांदा, दोरा, अक्षर आणि पावसाची भुरभुर ही सगळी बारीक असली तरी कृश होत नाहीत.

शब्दाच्या या सोबत्यांना मी वर्गात ‘गोतावळा’ म्हणते, आणि माझ्या मते शब्द शिकवण्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. झोप गाढ असते, धुके दाट असते, दही घट्ट असते, अरण्य निबिड असते आणि निराशा घोर असते. या पाचही विशेषणांच्या मुळाशी दाटपणाची किंवा खोलीची काहीतरी एकच जाणीव आहे, तरीही ‘दाट झोप’ किंवा ‘गाढ दही’ असे आपण कधी म्हणत नाही. क्रियापदांचेही तेच आहे: शंका येते पण संशय घेतला जातो, राग येतो पण सूड उगवला जातो, शपथ घेतात आणि नवस बोलतात. ज्या घरात पुस्तके आहेत आणि मोठी माणसे मुलांशी निवांतपणे बोलतात, तेथे हा गोतावळा न शिकवताच कानावर पडतो. ज्या घरात आई-वडील पहाटे द्राक्षबागेत जातात आणि अंधार पडल्यावर परततात, तेथल्या मुलाला पुस्तकी मराठीचा गोतावळा भेटण्याची एकच जागा असते आणि ती म्हणजे वर्ग. तेथेही आपण त्याच्या हातात दोन रेघोट्यांची जोडी ठेवली, तर ‘जीर्ण मित्र’ याहून वेगळे काय उगवणार?

आता मी एका शब्दाला एक शब्द देत नाही. पूर्ण वाक्य देते, आणि ते मुलांच्या रोजच्या बोलण्यातले असेल याची काळजी घेते. ‘आजारपणामुळे किंवा पोटाला पुरेसे न मिळाल्यामुळे माणूस किंवा जनावर हाडे दिसण्याइतके बारीक झाले, की त्याला कृश म्हणतात.’ मग पाठातले वाक्य, त्यानंतर माझी दोन वाक्ये, आणि लगेच प्रश्न: कृश बैल म्हणता येईल का? कृश पेन्सिल? कृश म्हातारा? कृश झाड? झाडापाशी वर्ग दुभंगतो. एक मुलगा म्हणाला की झाडालाही खायला मिळाले नाही तर ते वाळते, मग का म्हणायचे नाही? दुसरी म्हणाली की वाळलेले झाड बारीक होत नाही, ते उघडे होते. ही चर्चा पाच-सात मिनिटे चालते, आणि त्या वेळात ‘कृश’ हा शब्द वर्गात पंचवीस-तीस वेळा उच्चारला जातो, तोही माझ्या तोंडून नव्हे.

एका शब्दाला इतका वेळ दिला तर अभ्यासक्रम पुरा कसा व्हायचा, ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर निवडीत आहे. पाठातले पंधरा शब्द मी आता शिकवत नाही; चार शिकवते. हे चार कोणते, हे ठरवताना मला अमेरिकेतील इझाबेल बेक आणि मार्गारेट मॅकिओन यांची विभागणी उपयोगी पडली. त्यांच्या मते शब्दांचे तीन थर असतात. पहिल्या थरातले शब्द रोजच्या बोलण्यातले असल्याने शिकवावे लागत नाहीत. तिसऱ्या थरातले शब्द एखाद्या विषयापुरते असतात, जसे प्रकाशसंश्लेषण किंवा अक्षवृत्त, आणि ते त्या त्या विषयाच्या तासाला येतात. यांच्यामधला थर बोलण्यात क्वचित पण पुस्तकात सर्वत्र भेटणाऱ्या शब्दांचा असतो, आणि शिक्षकाने आपली शक्ती तेथे खर्च करावी. मराठीत हा मधला थर म्हणजे विपुल, परिणाम, वैशिष्ट्य, अनुकूल, अभाव, प्रवृत्त, क्रमशः, परस्पर अशा शब्दांचा आहे. मराठीच्या पाठात भेटलेला ‘अनुकूल’ भूगोलात हवामानाबरोबर येतो, विज्ञानात अनुकूलनाच्या रूपाने येतो आणि इतिहासात परिस्थितीला चिकटून येतो. तो एकदा नीट बसला की चार विषयांत कामाला येतो. याउलट, एखाद्या जुन्या कवितेत एकदाच येऊन परत कधी न भेटणारा शब्द मी कवितेच्या ओघात सांगून पुढे जाते आणि त्यावर वेळ घालवत नाही.

या मधल्या थराचे महत्त्व मला आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी दाखवून दिले. आठवीच्या चाचणीत ‘सोदाहरण विशद करा’ हा प्रश्न अर्ध्या वर्गाने कोरा सोडला होता. त्यांनी तोच प्रश्न तोंडी, ‘उदाहरण देऊन नीट समजावून सांगा’ अशा शब्दांत विचारला, तेव्हा त्याच मुलांनी भराभर उत्तरे दिली. मुलांना उत्तर येत होते. त्यांना प्रश्न येत नव्हता. तेव्हापासून दरवर्षी जूनमध्ये मी पहिले दोन आठवडे प्रश्नपत्रिकेचीच भाषा शिकवते: विशद करा, तुलना करा, कारणमीमांसा करा, आशय लिहा, अनुमान काढा. ‘सोदाहरण’ची फोड ‘स + उदाहरण’ अशी करून दाखवली की मुलांना सहकुटुंब, सहर्ष, सचित्र आणि सविस्तर हे शब्द आपोआप आठवू लागतात आणि ‘स’ म्हणजे ‘सह’ हे त्यांचे त्यांनाच उमगते.

शब्दाची फोड करण्याची आपल्या भाषेत जी सोय आहे, तिचा आपण व्याकरणाच्या तासापुरताच उपयोग करतो, याची मला खंत वाटते. याबाबतीत मला सर्वांत अधिक दिले ते ‘विसर्ग’ या शब्दाने. कृष्णाकाठच्या मुलाला हा शब्द व्याकरणाच्या पुस्तकात भेटण्याच्या कितीतरी आधी ठाऊक असतो, कारण पावसाळ्यात आमच्या घराघरांत ‘कोयनेतून विसर्ग किती सुरू आहे’ हीच चौकशी चालते. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, हे येथे लहान मुलेही सांगतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेथे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, आणि माझ्या वर्गातल्या अनेकांनी ते दिवस नातेवाइकांकडे किंवा निवारा केंद्रात काढले आहेत. अशा मुलांपुढे मी एका पावसाळ्यात फळ्यावर ‘दुःख’ हा शब्द लिहिला आणि ‘दु’च्या पुढच्या दोन टिंबांना काय म्हणतात, असे विचारले. विसर्ग, असे उत्तर आले. मग मी विचारले, की धरणातून सुटते त्यालाही विसर्ग म्हणतात आणि या टिंबांनाही विसर्ग म्हणतात, हे कसे?

वर्ग विचारात पडला. मी त्यांना हाताचा तळवा तोंडासमोर धरून ‘दुःख’ आणि ‘स्वतः’ म्हणायला सांगितले. ‘स्वतः’च्या शेवटी तळव्याला श्वासाचा झोत लागला, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने, “बाई, हवा सुटतीया!” असे मोठ्याने सांगितले. त्या एका वाक्याने काम झाले. विसर्ग म्हणजे सोडणे. धरण पाणी सोडते आणि तोंड श्वास सोडते. संस्कृतातल्या ‘सृज्’ या धातूचा हा वंश आहे आणि त्याचा अर्थ सोडणे, निर्माण करणे असा आहे, हे सांगितल्यावर आम्ही त्याचे नातलग शोधायला निघालो. गणपतीचे विसर्जन सर्वांत आधी आले, कारण ते त्यांनी कृष्णेच्या घाटावर डोळ्यांनी पाहिलेले असते. एका मुलीने विज्ञानातले उत्सर्जन आणले. ‘संसर्ग’ हा शब्द करोनाच्या काळापासून कोणालाच नवा राहिलेला नाही, पण तो याच घरातला आहे हे कळल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटले. शेवटी मी ‘सृष्टी’ आणि ‘निसर्ग’ हे दोन शब्द फळ्यावर लिहिले. तासाची घंटा झाली तेव्हा फळ्यावर सहा शब्दांचे एक कुटुंब उभे होते आणि त्यातला एकही शब्द मी बरोबरीची खूण काढून समजावला नव्हता. त्याच आठवड्यात भूगोलाच्या तासाला क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, म्हणजे जवळपास २८ लिटर पाणी, हेही मुलांनी विचारून घेतले. बातम्यांत ऐकलेल्या आकड्यांचा गुणाकार करून त्यांनी काढलेली उत्तरे पाहिली, तेव्हा शब्दाच्या मागे विषय कसा ओढला जातो ते मला दिसले.

अर्थात प्रत्येक शब्दाचे असे कुटुंब उलगडून दाखवणे शक्य नसते, आणि काही वेळा ते अपायकारकही ठरते. ‘आयात’ आणि ‘निर्यात’ हे शब्द मी पूर्वी जोडीने शिकवत असे, कारण विरुद्धार्थी शब्द एकत्र द्यायचे ही आपली रीत आहे. परिणाम असा होई, की मुलांना दोन्ही शब्द आठवत, दोन्ही अर्थ आठवत, पण कोणता अर्थ कोणाचा हे आठवत नसे. दोन नवे आणि एकमेकांसारखे दिसणारे शब्द एकाच वेळी डोक्यात शिरले की ते एकमेकांत गुंततात, हे शब्दशिक्षणाच्या संशोधनातही दिसून आलेले आहे. म्हणून आता आधी फक्त ‘निर्यात’ येतो. तासगावकडच्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कोणती द्राक्षे निर्यातीची आणि कोणती बेदाण्याची, मण्याचा आकार किती लागतो, डाग का चालत नाही, हे सारे तीच मला सांगतात. ‘निर्’ म्हणजे बाहेर आणि ‘यात’ म्हणजे गेलेले, एवढी भर मी घालते. हा शब्द पक्का झाला की पंधरा दिवसांनी ‘आयात’ येतो, आणि आगमनातल्या ‘आ’ची ओळख असल्यामुळे त्याची गल्लत होत नाही. चढत्या-उतरत्या भाजणीचे शब्द मात्र मी मुद्दाम एकत्र घेते, कारण ते मुलांना आधीच अर्धवट ठाऊक असतात. गार, कोमट, ऊन, कढत आणि उकळते अशी पाच कार्डे पाच मुलांच्या हाती देऊन त्यांना क्रमाने उभे राहायला सांगितले, की ‘कोमट’ आणि ‘ऊन’ यांच्या जागेवरून सारा वर्ग हिरिरीने बोलू लागतो. प्रत्येकाच्या घरी अंघोळीचे पाणी तापलेले असते, त्यामुळे बोलायला प्रत्येकाकडे काहीतरी असते.

मुलांकडे शब्द कमी असतात, हे विधान मी आता करत नाही. ज्या शब्दांना आपण शाळेत किंमत देतो ते त्यांच्याकडे कमी असतात, एवढेच खरे आहे. उसाच्या घरातला दहा वर्षांचा मुलगा वाढे, पाचट, चिपाड, मोळी, खोडवा, काकवी, ढेप हे शब्द अचूक आणि भेद ओळखून वापरतो, आणि हा भेद ओळखणे हीच तर शब्दाच्या ज्ञानाची खूण आहे. आमच्या वर्गाच्या मागच्या भिंतीवर दोन रकान्यांचा एक मोठा कागद लावलेला असतो. डावीकडे घरचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला. माळवं आणि भाजीपाला, कोरड्यास आणि कालवण, वैरण आणि चारा, लई आणि अतिशय. डावा रकाना चुकीचा आणि उजवा बरोबर, असे मी कधीही म्हणत नाही. कोणता शब्द कोठे घालून जायचे, एवढेच बोलते. उजवीकडे शब्दच नसला तर ती जागा रिकामी ठेवतो. ‘खोडवा’ या शब्दासमोरची जागा कित्येक दिवस रिकामी होती. मुलांनी शेवटी ‘उसाची तोडणी झाल्यावर त्याच बुडख्यातून पुन्हा फुटून आलेले पीक’ असे लांबलचक वाक्य तेथे लिहिले, तेव्हा एका शब्दाची ताकद किती असते ते त्यांना स्वतःच्याच हस्ताक्षरात वाचायला मिळाले.

बीडकडची मुले आली की हा कागद आणखी रुंद होतो. एका हिवाळ्यात नवीन आलेला एक मुलगा पहिले आठ-दहा दिवस तोंड उघडत नव्हता. ‘घर’ या शब्दाचे सोबती आम्ही गोळा करत होतो. वाडा, बंगला, झोपडी, खोली असे शब्द येत होते. मी त्याला विचारले, की तुम्ही येथे राहता त्याला काय म्हणतात? तो म्हणाला, “कोपी.” वर्गातल्या कोणालाही हा शब्द ठाऊक नव्हता. मग त्याने पाचटाची कोपी कशी उभी करतात, तिला आधार कशाचा देतात, पाऊस आला तर काय होते, हे फळ्यावर चित्र काढून सांगितले. पुढे ‘कोयता’ म्हणजे नुसते हत्यार नसून ऊस तोडणारे नवरा-बायकोचे जोडपे असाही त्याचा अर्थ असतो, आणि ‘उचल’ म्हणजे मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेले पैसे, हेही त्याच्याकडूनच वर्गाने शिकून घेतले. ‘उचल’ या शब्दाचे वजन त्याच्या सांगण्यातून ज्या तऱ्हेने मुलांपर्यंत पोहोचले, तसे ते कोणत्याही शब्दकोशातून पोहोचले नसते.

वाक्प्रचारांच्या बाबतीत तर परिसराहून चांगले पाठ्यपुस्तक मला दिसत नाही. ‘अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे’ याचा अर्थ थोड्याशा यशाने फुगून जाणे असा लिहून देता येतो, पण हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून बाजारात आणणाऱ्या घरातल्या मुलाला पिवळे व्हायला किती हळद लागते हे हाताला ठाऊक असते. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार मुलांनी वर्तमानपत्रात वाचलेला होता. खासगी शिकवण्यांचे पेव फुटले, फलकांचे पेव फुटले, असे तेथे असते. पेव म्हणजे काय, हे मात्र एकालाही सांगता आले नाही, आणि त्या मुलांपैकी काही हरिपूरची होती, जेथे कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीत खणलेल्या पेवांत हळद साठवण्याची जुनी पद्धत होती. मी अर्थ सांगितला नाही. घरी आजोबांना विचारून या, असे सांगितले. दुसऱ्या दिवशी आलेली माहिती तासात मावेना. तोंड अरुंद आणि पोट मोठे, वरून माती लिंपून बंद केलेले, उघडल्यावर आतली कोंडलेली हवा जाईपर्यंत कोणी उतरायचे नाही, खाली कंदील सोडून पाहायचे. एका मुलाने आजोबांचे शब्द जसेच्या तसे आणले होते, की पेव उघडले म्हणजे पोत्यांमागून पोती नुसती निघतच राहायची. मग फुटणे म्हणजे काय आणि पेवच का, हे वेगळे सांगण्याची गरज उरली नाही.

इतके करूनही शब्द विसरले जातात, आणि ते स्वाभाविक आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले स्मरणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ करून ते किती वेळाने किती उरतात हे त्याने मोजले, आणि निम्म्याहून अधिक भाग पहिल्या तासाभरातच निसटतो, पुढची गळती मात्र मंदावत जाते, असे त्याला आढळले. अर्थपूर्ण शब्द इतक्या वेगाने निसटत नाहीत, पण वळण तेच असते. म्हणून शब्द एकदा कितीही रंगवून शिकवला, तरी तो दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा समोर यावा लागतो. येथेही मी एक चूक बरीच वर्षे करत होते: उजळणी म्हणजे पुन्हा वाचणे, अशी माझी समजूत होती. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले, की उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवते, पण आठवड्याने पाहिले तर पुस्तक मिटून आठवण्याचा प्रयत्न करणारेच पुढे असतात. आमच्या शनिवारच्या चाचणीत दिसणारे गुण आणि दिवाळीनंतरचे गप्प बसणे, या दोन्हींचे कारण मला येथे सापडले.

त्यावरचा माझा उपाय म्हणजे चपलांच्या खोक्यांत ठेवलेली कार्डे. कार्डाच्या एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला मुलांपैकीच कोणाचे तरी वाक्य, ज्यात त्या शब्दाची जागा कोरी सोडलेली असते. तास सुरू झाल्यावर पहिली पाच मिनिटे एक मुलगा किंवा मुलगी वाक्याची बाजू वाचते आणि वर्गाने शब्द आठवायचा असतो. आठवला तर कार्ड पुढच्या खोक्यात जाते, जेथे त्याची पाळी आठवड्याने येते, आणि तेथून शेवटच्या खोक्यात, जेथे ती महिन्याने येते. न आठवल्यास ते पुन्हा रोजच्या खोक्यात परतते. अर्थ विचारून शब्द काढून घेणे, हीच दिशा मी आग्रहाने ठेवते, कारण लिहिताना आणि बोलताना मुलाला त्याच दिशेने जावे लागते. मनात अर्थ असतो आणि शब्द शोधायचा असतो.

वाचनाने शब्द वाढतात हे सर्वमान्य आहे आणि ते खरेही आहे, पण केवळ ‘वाचन वाढवा’ असे सांगून शिक्षकाला मोकळे होता येत नाही. वाचताना भेटणाऱ्या अनोळखी शब्दांपैकी किती शब्द सहज शिकले जातात, यावरच्या अनेक अभ्यासांचा १९९९ मध्ये एकत्र आढावा घेण्यात आला, तेव्हा हे प्रमाण शंभरात सुमारे १५ असे निघाले. भरपूर वाचणाऱ्या मुलासाठी हे प्रमाण वर्षभरात मोठी भर घालते. महिन्याकाठी एखादेच पुस्तक हाती पडणाऱ्या मुलासाठी ते फारच अपुरे ठरते. म्हणून आठवड्यातून एकदा मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवते, आणि खोक्यातला एखादा शब्द वाचनात आला की मुलांनी बाक हलकेच वाजवायचा, असा आमचा संकेत आहे. गेल्या वर्षी आम्ही सातारा जिल्ह्यातल्या भिलारला, म्हणजे २०१७ पासून पुस्तकांचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावी गेलो होतो. तेथे एका घराच्या ओसरीवर पुस्तक वाचत बसलेल्या दोन मुलींनी बाक नसल्यामुळे जमिनीवर टिचकी मारली, तेव्हा मी विचारलेही नाही की शब्द कोणता.

पालकांचा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही. वहीत शब्दार्थांची लांब यादी दिसली नाही की शिकवणे झालेच नाही असे त्यांना वाटते, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण त्यांनी स्वतः तसेच शिकलेले असते. मागच्या पालकसभेत एका वडिलांनी हा प्रश्न थेट विचारला. मी त्यांना खोके उघडून दिले आणि कोणतेही कार्ड काढून आपल्या मुलाला विचारायला सांगितले. त्यांनी चार कार्डे काढली, पहिल्या तिन्हींची उत्तरे आली आणि चौथ्याला मुलगा अडखळला. त्यावर त्यांनी स्वतःच विचार करायला सुरुवात केली आणि बऱ्याच वेळाने ‘प्रवृत्त’ हा शब्द त्यांना आठवला. परीक्षेतले समानार्थी शब्दांचे प्रश्न सोडवावे लागतातच, त्यामुळे फेब्रुवारीत तीन आठवडे आम्ही जुन्या पद्धतीच्या जोड्याही लावतो. तोपर्यंत शब्द ओळखीचे झालेले असल्यामुळे त्याला फारसा वेळ लागत नाही.

यंदाच्या सहावीच्या खोक्यांत आत्ता ८० च्या आसपास कार्डे झाली आहेत. ‘कृश’चे कार्ड तिसऱ्या खोक्यात आहे, आणि त्याच्या मागचे वाक्य या वर्षीच्या एका मुलाने लिहिले आहे: ‘महापुरानंतर चार दिवसांनी आमची म्हैस सापडली तेव्हा ती ______ झाली होती.’ सोमवारी ‘फुगवटा’ घ्यायचा आहे. धरणाचा फुगवटा आणि अंगावरचा फुगवटा यांतले नाते मुले कोठून सुरू करतील याचा अंदाज मला अजून आलेला नाही.